तुझं पाणी कुठलं?

आमच्या चाळीचा मालक कान धुवायचा. आंघोळीत सगळेच धुतात, तसे नाही. त्याच्यासमोर कोणी 'नाला' म्हणालं की हा बोलणं अर्धवट टाकून उठायचा, ओट्यावरच्या माठातनं तांब्या भरायचा, मान वाकडी करून आधी एका कानावर पाणी, मग दुसऱ्या. पंच्यानं पुसायचा आणि परत येऊन बसायचा.

"हां, आता बोल. काय म्हणत होतास नदीचं?"

नदी म्हणजे आपली दहिसर नदी. आमची चाळ बोरिवलीत तिच्या काठाला होती. होती म्हणायचं कारण आता तिथं मोठी बिल्डिंग आहे आणि खिडकीतनं नदी दिसते म्हणून त्या फ्लॅटांचा भाव जास्त आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा नदी दिसते म्हणून खोली स्वस्त मिळायची. तबेल्यांचं शेण, धोब्यांचा साबण, कुठनं कुठनं रंगाचं पाणी, सगळं पोटात घेऊन ती आमच्या मागनं जायची. उन्हाळ्यात नाक धरून जेवायचो. तिला नाला म्हणणाऱ्याचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण मालकासमोर म्हणायची सोय नव्हती. त्याला चिडवायला पोरं मुद्दाम ओरडायची आणि हा थंडीतसुद्धा कान धुवायचा. सर्दी झाली तरी धुवायचा. मे महिन्यात सफाईवाले आले की हा काठीला टेकून काठावर उभा. मुकादम म्हणाला, "काका, नालेसफाई चाललीय, बाजूला व्हा." हा गेला, कान धुवून आला आणि म्हणाला, "नदीसफाई म्हण. मग सगळ्यांना चहा सांगतो." मुकादम हुशार होता. दर वर्षी आल्याआल्या मोठ्यानं नदी म्हणायचा आणि सगळी गँग चहा प्यायची.

माझी बायको माघात गेली. मी सातवी शिकलेला माणूस, लिहिण्याशी माझं काही देणंघेणं नाही. पण मालकाला ओळखणारं, त्याची नक्कल करून दाखवली तर हसणारं तेवढं एकच माणूस घरात उरलं होतं. मुलगा तेव्हा लहान होता, त्याला फक्त काठी आठवते. आता मालक माझ्या एकट्याच्या डोक्यात आहे, आणि माझ्या डोक्याचा काय भरवसा. म्हणून लिहितोय.

लग्नानंतर आम्ही खोली बघायला गेलो तेव्हाचं सांगतो. मी गिरणीत होतो, नवीनच कायम झालेलो. बाकीचे चाळमालक विचारायचे, गाव कुठलं, जात कुठली, मटण शिजवता का. हा ओट्यावर बसलेला, अंगात गंजी, पायजम्याची नाडी लोंबतेय. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तुझं पाणी कुठलं?"

मला वाटलं प्यायला पाणी मागतोय. मी इकडेतिकडे बघायला लागलो.

"अरे, गावची नदी कुठली तुझी?"

"गड नदी."

"कुठे मिळते?"

"कालावलीच्या खाडीला."

"झकास," म्हणाला. बोरिवलीचा जुना भूमिपुत्र, पण हा एक शब्द नातवंडांकडून उचललेला आणि कुठेही वापरायचा. त्या दिवसापासून माझं नाव गडनदी. "काय रे गडनदी, पाळी कुठली आज?" आमच्या शेजारच्या खोलीत कराडकडचं बौद्ध कुटुंब होतं, ती कोयना. टोकाच्या खोलीत एक मिशीवाला हमाल होता, पैठणचा, त्याला हा भर रस्त्यात "ए गोदावरी!" म्हणून हाक मारायचा आणि तो दांडगा गडी लाजायचा. कोयनेच्या वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊ, आम्हाला आधी सगळ्यांनी जात ऐकून परत पाठवलं. ह्या म्हाताऱ्यानं पाणी विचारलं. कोयना म्हटल्यावर चावी हातात. मी घरी येऊन रडले." त्यांना तो किती वेडा आहे ते सांगायला गेलं तर त्या ऐकून घ्यायच्या नाहीत.

तर, माझं पाणी पास झालं. मग त्यानं बायकोकडे बघितलं. "आणि हिचं?"

मी म्हटलं, आता ती माझी बायको, माझंच पाणी.

"गप. तिला बोलू दे. आईबापांनी पाण्याशिवाय वाढवलीय का तिला?"

ती खाली बघून म्हणाली, "आमच्यात नदी नाय. नुसतो व्हाळ आसा."

"व्हाळ तर व्हाळ, ओढाच ना तो. नाव?"

"नाव नाय त्याका."

मालकाचं तोंड असं झालं की जसं काय तिनं बापाचं नाव माहीत नाही म्हणून सांगितलं. "असं होत नाही," म्हणाला. "पाणी आहे आणि नाव नाही, असं होत नाही. ज्याला आपलं पाणी ठाऊक नाही तो दुसऱ्याच्या पाण्यात केर टाकतो. मला अनुभव आहे." मग तिचा चेहरा बघून जरा नरमला. "खोली घ्या. पण नाव कळेपर्यंत ही पाहुणी."

आणि पाहुणीच म्हणायला लागला. गंमत म्हणून नाही, अगदी सरळ. "पाहुणे, नळ आलाय." "पाहुणे, वाळवण उचल, कावळे बसलेत." मुलगा झाला तेव्हा बारशाला आला आणि विचारलं, "पाहुणीची तब्येत काय म्हणते?" चाळीतल्या बायकांनी तेच उचललं. पुढे पुढे मलाही कोणी कोणी विचारायचे, पाहुणी घरात आहे का.

त्याचं बाकीचं सगळं नदीवरच चालायचं. डावंउजवं, पूर्वपश्चिम त्याला मंजूर नव्हतं. डोंगराकडचं ते वर, खाडीकडचं ते खाल. स्टेशनला जायचं म्हणजे कुठल्या अंगाला ते आम्हाला पाठ झालं होतं. जेवायला बसला की "ते मीठ जरा खालच्या अंगाला सरकव" म्हणायचा, आणि नवीन माणूस मीठ जमिनीवर ठेवायचा. रिक्षावाल्याला सांगायचा, "खाडीकडे तोंड कर." बिचारा उत्तर प्रदेशातला, तो ह्याच्याकडेच तोंड करून बसायचा.

नदीच्या प्रत्येक वळणाला त्याच्याकडे नाव होतं. म्हशीचा उतार. बाळंत्यांचा खडक. आमच्या चाळीमागं नदी एकदम पाठ फिरवून उलटी जायची आणि मग परत वळायची, ते वळण म्हणजे रुसवा. ह्यातली अर्धी नावं त्यानंच ठेवली असणार असा माझा संशय आहे, कारण एकाच खडकाला त्यानं मला दोन वर्षांत दोन नावं सांगितली होती. विचारलं तर म्हणाला, "पावसात हलला तो." दहिसर आणि पोयसर ह्या त्याच्या मते सख्ख्या बहिणी, कारण दोघींच्या नावात 'सर' आहे आणि सर म्हणजे पाणी. खरं खोटं देव जाणे. दिंडोशीला त्यानं पोरगी द्यायला नकार दिला होता. "कोरडं गाव," म्हणाला. पोरगी शेवटी कांदिवलीला दिली, पोयसरच्या काठावर. म्हणजे मावशीच्या घरी.

एकदा मुलुंडला लग्नाला आम्ही सगळे गेलो. हॉलमधनं बाहेर आलो आणि ह्याला काही कळेना, आपण कुठे आहोत. नदी नाही, खाडी दिसत नाही. माणूस घाबरला हो. घामाघूम झाला. मग परत आत गेला, पंगतीतला पाण्याचा जग उचलून आणला आणि भर रस्त्यात ओतला. पाणी ज्या बाजूला वाहत गेलं तिकडे बघितलं, हायसं वाटलं त्याला. "हां. खाडी तिकडे. चला आता." नवरीकडचे लोक म्हणाले, हा कोण पाठवलाय तुम्ही? मी म्हटलं, आमचा मालक आहे, भाडं देतो म्हणून ओळख ठेवावी लागते.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. गौरीचं तेवढं नाही.

मालकाच्या घरी तेरड्याची गौर बसायची. त्याची बायको लवकर गेलेली, मुलगी सासरी, त्यामुळे दर वर्षी चाळीतली एक बाई नदीवरनं गौर आणायची. नॅशनल पार्काच्या अंगाला, जिथं पाणी अजून पाण्यासारखं होतं तिथं जायचं, काठचा तेरडा सुपात घ्यायचा, आणि मालकाच्या उंबऱ्यात येईपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा नाही, असा त्या घरचा रिवाज. मान होता तो. चाळीतल्या बायका वर्षभर विषय काढायच्या, यंदा कोण आणणार. आणि मालकाचा नियम एकच, गौर घरच्या बाईनं आणायची. पाहुणीनं नाही. पाहुणीनं यायचं, कुंकू लावून घ्यायचं, घावन खायचं आणि घरी जायचं.

आमच्या मागनं आलेल्या बायकांची पाळी येऊन गेली. हिची नाही. बायका टोमणे मारायच्या, "पाहुणे, तुम्ही बसा हो, तुम्हाला कशाला त्रास." ही हसायची आणि घरी आल्यावर भांडी आपटायची.

मी म्हटलं, "गो, काय तरी नाव ठोकून दी. सोनवी म्हण, चांदवी म्हण. म्हाताऱ्याक काय कळता?"

"खोट्या नावान गौर आणू?"

"मग बस पाहुणी म्हणान."

"माहेराक गेल्यार आई म्हणता, पाहुणी इली. हय हो म्हातारो म्हणता पाहुणी. मी नेमकी कुठची ता कोणी सांगीत काय माका?"

 तिचा भाऊ मुंबईला आला की ती त्याला पहिलं तेच विचारायची, व्हाळाचं नाव कळलं काय रे? तो म्हणायचा, तुका येड लागलाहा. शेवटी एका वर्षी मे महिन्यात आम्ही गावी निघालो तर मालक पिशवी घेऊन ओट्यावर तयार. पिशवीत एक लेंगा आणि तांब्या.

"मी येतो. असं तुमच्यानं होणार नाही."

मालक, जो लग्नकार्याशिवाय नदी सोडून कुठे गेला नव्हता, तो आमच्याबरोबर एसटीत. सकाळची गाडी. प्रत्येक पुलावर मला कोपर मारायचा. "कुठली?" सावित्री. "कुठली?" वाशिष्ठी. संगमेश्वरला शास्त्री दिसली तेव्हा खिडकीतनं हात जोडले. माझी कोपरानं बरगडी दुखायला लागली, पण म्हातारा पोरासारखा खूश होता.  हिच्या डोक्यात मात्र एकच, नाव मिळालं नाही तर?

तिचं माहेर कणकवलीच्या आत, डोंगराच्या कुशीत. एक वरची वाडी, एक खालची वाडी, मधे चारदोन घरं, त्यातलं एक तिचं. व्हाळ तिन्ही ठिकाणांवरनं येतो. मालकानं पाय धुतले, चहा घेतला नाही, सरळ वरच्या वाडीत. आम्ही मागनं. तिथं एक म्हातारी सुपारी कातरत बसलेली.

"आजी, ह्या व्हाळाचं नाव काय?"

"ह्यो? ह्यो खालच्यांचो व्हाळ."

मालक माझ्याकडे बघून हसला, बघ, मिळालं की नाही. मग खात्री करायला आम्ही खाली उतरलो. खालच्या वाडीत एक गडी म्हशी धुवत होता.

"हा खालच्यांचा व्हाळ ना?"

"खालच्यांचो? खुळे की काय! ह्यो वरच्यांचो व्हाळ."

पुन्हा वर गेलो. म्हातारी म्हणाली, खालचे लबाड आसत. पुन्हा खाली आलो. गडी म्हणाला, वरच्यांका काय कळता. मालकाचा घाम निथळायला लागला. शेवटी तिच्या घरी येऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, बसला आणि माझ्या सासऱ्यावरच चिडला. "वरचे म्हणतात खालच्यांचा, खालचे म्हणतात वरच्यांचा. म्हणजे हा व्हाळ कुणाचाच नाही?"

सासरा विडी ओढत होता. निवांत माणूस. "कुणाचो म्हणजे? आमचोच."

"मग नाव का नाही ठेवलंत?"

"आमचोच म्हणान नाय ठेवला. लोकांच्या व्हाळाक नाव व्हया, कुठलो तो कळाक. घरच्याक कशाक?"

मालक म्हणाला, असं होत नाही. आवाज मात्र खाली आलेला.

तेव्हा ही बोलली. खोली घेतल्यापासून त्याच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं तिनं, नळ आणि वाळवण सोडून. दारात उभी होती, हातात पोर. मालकाशी बोलायचं म्हणून मुंबईचं बोलली. "मालक, एक विचारू? तुमची आई घागर घेऊन घरातनं निघायची, तेव्हा काय सांगून निघायची? दहिसर नदीवर जाते म्हणायची?"

 मला वाटलं आता हा उठून कान धुणार. तो उठला, पण माठाकडे गेला नाही. खळं उतरून व्हाळावर गेला. मे महिना, घोट्याएवढं पाणी. दगडावर बसला आणि पाय आत सोडले. आम्ही सगळे खळ्यातनं बघत उभे. सासरा म्हणाला, "येडो की काय ह्यो?" मी म्हटलं, "होय."

बऱ्याच वेळानं आला. पायाला वाळू तशीच. हिच्याकडे बघून म्हणाला, "पाण्यावर जाते म्हणायची. एवढंच. नदीचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही."

मग चहा मागितला.

मुंबईला परत आलो आणि मालक हिच्याशी बोलेनासा झाला. पाहुणी म्हणणं बंद, पण दुसरंही काही म्हणेना. नळ आला तर नुसती काठी दारावर आपटायचा. ही धास्तावली. मला म्हणायची, आपण त्याच्या आईवर बोललो, आता तो खोली काढून घेईत. मी म्हटलं, घेऊ दे, बोरिवलीत काय एकच चाळ आहे? पण मीही आतनं घाबरलेलो. गिरणीत तेव्हा संपाच्या गोष्टी चालल्या होत्या.

गणपती आले. गौरीच्या दिवशी सकाळी मालक आमच्या दारात. हातात नवीन सूप, त्यावर कोरा खण. सगळी चाळ गॅलरीत, कारण यंदा कुणाला सांगितलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ए, ऐकलंस का?" दाराबाहेरनंच. माझे कान टवकारले. असं तर मी तिला हाक मारायचो.

ती पदराला हात पुसत आली.

"चल, आटप. पाण्यावर जायचंय."

तिनं सूप घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोयनेच्या वहिनी तिच्यासोबत निघाल्या. म्हणाल्या, "आमच्यात गौरी नसतात, पण हिला सोबत नको का? आणि मी बोलले तर चालेल ना मालक? ती गप्प, मी पण गप्प, मग रस्त्यानं भुतं चालल्यासारखं वाटायचं."

"तू बोल," मालक म्हणाला. "तू थांबणार आहेस थोडीच."

दोघी वरच्या अंगाला गेल्या. परत आल्या तेव्हा हिचं नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, सुपात तेरडा, गुलाबी फुलं आलेला, तोंड घट्ट मिटलेलं. मालकाच्या उंबऱ्याशी थांबली. इथं गौर आणणारीचे पाय धुवायचे असतात. दर वर्षी चाळीतली कोणीतरी सवाष्ण धुवायची. सवाष्ण तांब्या घेऊन पुढेही आली.

मालकानं तो तांब्या तिच्या हातातनं घेतला आणि खाली बसला. गुडघे वाजले ते आम्हाला ऐकू आले. एवढा म्हातारा माणूस, चाळीचा मालक, भाडेकरणीच्या पायांशी. ही दचकून मागं सरकली. बोलता येत नव्हतं, गौर हातात. डोळ्यांनी मला सांगत होती, थांबवा त्यांना. कोयनेच्या वहिनी म्हणाल्या, "अहो मालक, हे काय! बायकांचं काम ते. द्या इकडे."

"मग घरात कोण बाई आहे माझ्या?" मालक मान वर न करता म्हणाला. "ही आत गेली की असेल. तोपर्यंत मलाच केलं पाहिजे."

आणि ओतलं. आधी एका पायावर, मग दुसऱ्या. हातानं चिखल काढला, पंच्यानं बोटांच्या मधलं पुसलं. बाजूला झाला. ती उंबरा ओलांडून आत गेली.

पुढं तिनं कितीतरी वर्षं त्या घरी गौर आणली. मालक गेला त्या वर्षीसुद्धा, त्याच्या मुलीनं बोलावून घेतलं म्हणून.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, काय गो, कसा वाटला, मालकान पाय धुयले ते? मला वाटलं रडेल, काहीतरी मोठं बोलेल. ती घावन उलटत होती. म्हणाली, "पाणी गार होता."

माघात तिला शेवटची आंघोळ घालायची वेळ आली. बायका पुढे झाल्या, मी म्हटलं पायांवरचं मी घालतो. स्टोव्ह राहिला नाही आता, गॅसवर पातेलं ठेवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, नळाचं चालतं हो. लोक खोळंबलेत, गाडी खाली उभी आहे."

मी म्हटलं, तू गप बस. आणि पाणी कोमट होईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवलं.